विहिरीत, पेवात उतरण्याआधी हवा मोजा



विहिरीतला गाळ काढायचा, ज्वारीचं पेव उपसायचं, गोबरगॅसची टाकी साफ करायची, तर कुणाला तरी खाली उतरावं लागतं. खाली हवा वाईट असेल तर माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग मुलगा. एकाच घरातली माणसं अशी पाठोपाठ जातात.

हवा का बिघडते? बंद पेवात धान्य, कीड आणि बुरशी प्राणवायू वापरतात व कर्बवायू सोडतात. तो जड असल्यानं तळाशी साठतो. पडीक विहिरीत पालापाचोळा कुजूनही हेच घडतं. गोबरगॅसच्या टाकीत पेटणारा मिथेन असतो, शिवाय विषारी हायड्रोजन सल्फाइड. त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. पण तो फार असला की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे गॅस गेला, असं समजू नका.

कंदील सोडून बघण्याची आपली जुनी रीत आहे. कंदील विझला तर उतरू नये, हे खरंच. पण तेवत राहिला म्हणून हवा चांगली ठरत नाही. विषारी गॅस ज्योतीला कळत नाही. गोबरगॅसच्या टाकीजवळ तर ज्योत नेऊच नका, भडका उडेल.

खात्रीचा उपाय म्हणजे चार वायू मोजणारा गॅस मीटर. एकट्याला परवडत नसेल तर सोसायटीनं किंवा ग्रामपंचायतीनं एक घ्यावा आणि एका माणसावर त्याची जबाबदारी द्यावी. त्यानं एवढं पाळावं :

१) बॅटरी भरलेली ठेवावी. कंपनीनं सांगितलेल्या मुदतीत मीटरची तपासणी करून घ्यावी. मुदत टळलेला मीटर वापरू नये.

२) मीटर आधी मोकळ्या हवेत लावावा. प्राणवायू २०.९ टक्के दिसला पाहिजे.

३) मग दोरीनं वर, मध्ये व तळाशी सोडून प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ थांबावं. प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली आला किंवा मीटर वाजला, तर उतरू नये. पंख्यानं हवा खेळवून पुन्हा मोजावं.

४) आकडे, तारीख, वेळ वहीत लिहावी. काम चालू असताना मीटर खालच्या माणसाजवळच असावा.

५) विहिरीत डिझेल इंजिन चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधा आणि वर दोन माणसं ठेवा. तो कोसळला तर वरूनच ओढा, मागोमाग उडी टाकू नका. लगेच ११२ किंवा १०८ वर फोन करा.

मोजायला पाच-दहा मिनिटं जातात. तेवढी घाई कुठल्याच कामाची नसते.