समुद्र, धुके आणि द्राक्षमळे : कॅम्ब्रियातील निवांत मुक्काम

नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे पुण्या-मुंबईहून आई-वडील आले, की महिन्याभरातच प्रवासाचे बेत सुरू होतात. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या कुटुंबांच्या यादीत सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस हा किनारी मार्ग ठरलेलाच असतो. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत सात-आठ ठिकाणे बसवली जातात. गाडी थांबते, छायाचित्रे निघतात, गाडी पुन्हा धावू लागते. सत्तरीच्या घरातील पाहुण्यांच्या वाट्याला समुद्रापेक्षा मोटारीची मागची सीटच अधिक येते. ही धावपळ टाळून तीन रात्री एकाच जागी काढायच्या असतील, तर या दोन महानगरांच्या साधारण मध्यावर असलेले कॅम्ब्रिया हे गाव त्यासाठी अत्यंत सोयीचे आहे.

सॅन लुईस ओबिस्पो परगण्यातील या गावाची वस्ती जेमतेम सहा हजारांच्या आत-बाहेर. पश्चिमेला पॅसिफिक महासागर, मागे पाइन वृक्षांनी भरलेल्या टेकड्या आणि डोंगर ओलांडून सुमारे 50 किलोमीटरवर पासो रोबल्सचा प्रसिद्ध वाइन प्रदेश. समुद्र आणि द्राक्षमळे इतके जवळ असण्यामागे निसर्गाची एक रचना आहे. ती समजून घेतली, तर कोणत्या दिवशी काय करावे आणि पिशवीत कोणते कपडे भरावेत, हे प्रश्न आपोआप सुटतात.

डोंगराच्या दोन बाजू

सह्याद्रीमुळे कोकण आणि देश यांचे हवामान जसे वेगळे झाले आहे, तशीच भूमिका येथे सांता लुसिया पर्वतरांग बजावते. फरक आहे तो समुद्राचा. अरबी समुद्र उबदार आहे, तर कॅलिफोर्नियाचा किनारा उत्तरेकडून येणाऱ्या थंड सागरी प्रवाहाच्या वाटेवर आहे. शिवाय वाऱ्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागावरील पाणी दूर लोटले जाऊन खालचे अधिक थंड पाणी वर येते. या पाण्यावरून वाहणारी दमट हवा गार होते आणि तिचे धुके बनते. त्यामुळे ऐन जुलैत कॅम्ब्रियाचे कमाल तापमान 20 अंश सेल्सिअसच्या आसपास रेंगाळते आणि कित्येकदा सूर्यदर्शन दुपारीच होते.

त्याच दिवशी डोंगरापलीकडील पासो रोबल्समध्ये पारा 35 अंशांच्या घरात असतो, कधी तो 40 वरही जातो. तापलेली हवा वर चढू लागली, की तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील गार हवा डोंगरातील खिंडींमधून आत ओढली जाते. टेम्पलटन गावाच्या पश्चिमेकडील अशा खिंडींना ‘टेम्पलटन गॅप’ म्हणतात. परिणामी रात्रीचे तापमान 10-12 अंशांपर्यंत उतरते. द्राक्षाला हा चढउतार मानवतो. दिवसाच्या उष्णतेने फळात साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकून राहतो. चांगल्या वाइनला या दोन्हींचा तोल लागतो. कॅम्ब्रियाचे धुके ही पर्यटकाला अडचण वाटते, पण डोंगरापलीकडच्या मळ्यांना पोसणारा गारवा ज्या समुद्रातून येतो, त्याच समुद्राचे हे धुके आहे.

व्यवहारातील अर्थ सरळ आहे. उन्हाळ्यातही स्वेटर आणि वारा अडवणारे जाकीट बरोबर हवे. सकाळी धुके असेल तर डोंगरापलीकडे जावे आणि उन्हाचा तडाखा वाढला की समुद्राकडे परतावे.

मुक्काम कोठे करावा?

पासो रोबल्समध्येही उत्तम हॉटेले आहेत. वाइन हाच मुख्य हेतू असेल तर तेथे राहणे योग्य. परंतु कुटुंबात वयस्कर माणसे किंवा मद्य न घेणारे सदस्य असतील, तर किनाऱ्यावरील मुक्कामच सोयीचा. मूनस्टोन बीचसमोर लहान हॉटेलांची रांग आहे. गावाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग असून दुकाने व खाणावळी तेथे आहेत. स्वयंपाकघर असलेली खोली किंवा घर मिळाल्यास शाकाहारी मंडळींची चिंता मिटते. वरण-भाताचे साहित्य बरोबर असले की रात्री पुन्हा गाडी काढावी लागत नाही. शनिवार-रविवारी अनेक ठिकाणी किमान दोन रात्रींची अट असते, म्हणून सोमवार ते गुरुवार हे दिवस निवडल्यास खर्च आणि गर्दी दोन्ही कमी होतात.

येथे राहताना एक भान ठेवावे लागते. गावाचे पाणी सांता रोझा आणि सॅन सिमियन या लहान ओढ्यांकाठच्या विहिरींतून येते. पाण्याच्या टंचाईमुळे 2001 मध्ये आणीबाणी जाहीर होऊन नव्या नळजोडण्या थांबवण्यात आल्या. गाव लहान राहिले, त्याचे हे एक मोठे कारण आहे. खोलीतील ‘पाणी जपून वापरा’ ही पाटी म्हणूनच मनावर घ्यावी. डोंगरापलीकडे पासो रोबल्सच्या मळ्यांखालील भूजलाची पातळीही घसरत आली असून, ती या प्रदेशाची मोठी विवंचना आहे.

पहिला दिवस : काहीही न करण्याचा

पाच-सहा तासांचा प्रवास करून आल्यावर त्या दिवशी फक्त चालणे ठेवावे. फिस्कालिनी रँच या राखीव माळरानावर समुद्रकड्याच्या काठाने जाणारी वाट बरीचशी सपाट आहे. ठिकठिकाणी बाके असल्याने ज्येष्ठांनाही ती झेपते. जवळच्या टेकड्यांवरील मॉन्टेरे पाइन हे वृक्ष जगभर लाकडासाठी लावले जातात. मात्र त्यांची नैसर्गिक वने अमेरिकेच्या भूमीवर अवघ्या तीन ठिकाणी उरली असून कॅम्ब्रिया त्यांपैकी एक आहे.

मूनस्टोन बीचवर गुळगुळीत रंगीत खडे सापडतात. समुद्रात पोहण्याचा विचार मात्र करू नये. पाणी उन्हाळ्यातही फार थंड असते आणि शांत दिसणाऱ्या समुद्रातून एखादी मोठी लाट अचानक वर येते. लहान मुले बरोबर असताना समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये, हा येथील पहिला नियम.

दुसरा दिवस : राजवाडा आणि सील

गावाच्या उत्तरेस दहा-बारा किलोमीटरवर हर्स्ट कॅसल आहे. वृत्तपत्रांचा सम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याने वास्तुविशारद ज्युलिया मॉर्गन हिच्याकडून 1919 ते 1947 या काळात ही वास्तू उभारून घेतली. दालनांची संख्या 165. वास्तू डोंगरमाथ्यावर असल्याने कित्येकदा धुक्याचा थर खाली दिसतो. हर्स्टच्या खासगी प्राणिसंग्रहातील झेब्य्रांचे वंशज आजही पायथ्याच्या कुरणात चरतात. पायथ्यापासून वर बसने नेले जाते. तिकीट आगाऊ घ्यावे. नेहमीच्या फेरीत पायऱ्या बऱ्याच आहेत, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी असलेल्या वेगळ्या फेरीची आधी चौकशी करावी.

तेथून आणखी सात-आठ किलोमीटरवर पिएद्रास ब्लांकास येथे एलिफंट सीलची वसाहत आहे. चरबीच्या तेलासाठी एकोणिसाव्या शतकात या प्राण्याची एवढी शिकार झाली, की तो नामशेष होण्याच्या बेतात होता. संरक्षण मिळाल्यावर तो सावरला. 1990 मध्ये मूठभर सील या किनाऱ्यावर आले, 1992 मध्ये येथे पहिले पिल्लू जन्मले आणि आज ही संख्या हजारोंत आहे. पूर्ण वाढलेला नर दोन टनांहूनही जड असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा पिल्लांच्या जन्माचा काळ, तर एप्रिल-मेमध्ये माद्या कात टाकण्यासाठी वाळूवर पडून असतात. रस्त्यालगतच्या कठड्यावरून हे दृश्य विनामूल्य दिसते. वाहनतळापासून फार चालावेही लागत नाही.

तिसरा दिवस : द्राक्षमळे

महामार्ग 46 ने डोंगर चढू लागले, की मागे वळून पाहताना मोरो बे येथील प्रचंड खडकापर्यंतचा किनारा दिसतो. अर्ध्या-पाऊण तासात द्राक्षमळे सुरू होतात. 1797 मध्ये स्थापन झालेल्या सॅन मिगेल मिशनच्या धर्मगुरूंनी या भागात वाइनची द्राक्षे आणली. पोलंडचे विख्यात पियानोवादक आणि माजी पंतप्रधान इग्नासी पादेरेव्स्की यांनीही 1920 च्या दशकात येथे झिन्फान्डेलचे मळे लावले होते. 1983 मध्ये या प्रदेशाला वाइन क्षेत्र म्हणून अधिकृत मान्यता मिळाली आणि 2014 मध्ये त्याचे 11 उपविभाग करण्यात आले. आज येथे दोनशेहून अधिक वाइनरी आहेत. काबेर्ने सोव्हिन्योंची लागवड सर्वाधिक असली, तरी पश्चिमेकडील चुनखडीच्या जमिनीत फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातील जातींनी चांगले मूळ धरले आहे.

नाशिकच्या वाइनरी पाहिलेल्यांना येथील ऋतुचक्र उलटे वाटेल. नाशिकला काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, येथे ती ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात चालते. काढणीचे दिवस पाहण्यासारखे, पण गर्दीचे. एप्रिल-मेमध्ये टेकड्या हिरव्या असतात आणि निवांतपणा अधिक मिळतो.

एका दिवसात दोनच वाइनरी पाहाव्यात, फार तर तीन. बहुतेक ठिकाणी आगाऊ वेळ घ्यावी लागते आणि चव घेण्याचे शुल्क असते. बाटल्या विकत घेतल्यास ते अनेकदा माफ होते. चव पाहून वाइन थुंकून टाकण्यासाठी भांडे ठेवलेले असते. ते वापरण्यात संकोच नको, जाणकार तेच करतात. मद्य न घेणाऱ्यांसाठी याच रस्त्यावर ऑलिव्ह तेलाचे मळे आहेत. तेथे तेलांची चव पाहता येते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाहन चालवण्याची. परतीचा रस्ता घाटाचा आणि संध्याकाळी धुक्याचा आहे. चालक कोण, हे सकाळीच ठरवावे आणि त्याने दिवसभर एक घोटही घेऊ नये. तसे कोणी नसेल तर चालकासह गाडी भाड्याने घ्यावी. कॅलिफोर्नियात मद्यप्राशनासाठी किमान वय 21 असून रक्तातील मद्याची मर्यादा 0.08 टक्के आहे. उघडलेली बाटली गाडीत जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरतो. ती डिकीतच ठेवावी लागते. व्हिसावर असलेल्यांच्या बाबतीत मद्यप्राशन करून गाडी चालवल्याच्या गुन्ह्याचे परिणाम न्यायालयाच्या दंडापुरते मर्यादित राहत नाहीत, त्यातून व्हिसाही रद्द होऊ शकतो.

येण्या-जाण्याचा मार्ग

सॅन फ्रान्सिस्को किंवा लॉस एंजेलिसहून महामार्ग 101 ने कॅम्ब्रिया साधारण 350 ते 375 किलोमीटर पडते. बिग सरमधून येणारा महामार्ग क्रमांक 1 अतिशय रमणीय आहे, पण दरडी कोसळून तो वारंवार बंद होतो. 2017, 2021, 2023 आणि 2024 या वर्षांत असे घडले, आणि 2017 मधील दरडीनंतर तो पूर्ववत होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. म्हणून निघण्यापूर्वी राज्याच्या वाहतूक खात्याकडून रस्त्याची स्थिती जाणून घ्यावी. या टप्प्यात मोबाइलला रेंज नसते आणि पेट्रोल पंपही विरळच. आगगाडीने यायचे असल्यास पासो रोबल्स आणि सॅन लुईस ओबिस्पो येथे स्थानके आहेत. तेथून पुढे मोटार हवीच.

या बेतात दिवसाला एकच मोठे ठिकाण ठेवले आहे, ते मुद्दाम. उरलेल्या वेळात पाहुण्यांनी खिडकीशी चहा घेत समुद्र पाहावा, नातवंडांनी खडे वेचावेत आणि एरवी आठवडाभर कामात बुडालेल्या मुलांनी आई-वडिलांशी सवडीने बोलावे. यादीतील चार ठिकाणे राहून गेली, तरी अशा मुक्कामात फारसे काही हुकत नाही.