शिलाँगच्या बाजारातली चौकटींची ऐट

फॅशन पाहायला मुंबई-दिल्लीच गाठायला हवी, असे थोडेच आहे? मेघालयच्या राजधानीतल्या बडा बाजारात, म्हणजे इयूदुहमध्ये, तासभर फेरफटका मारून पाहा.

इथल्या खासी स्त्रियांचा पारंपरिक वेश म्हणजे 'जैनसेम'. कापडाचे दोन लांब तुकडे. एकेक काखेखालून घेऊन विरुद्ध खांद्यावर पिनेने अडकवायचा. ना निऱ्यांची खटपट, ना पदर सावरणे! कामाच्या वेळी त्यावर चौकटीचे 'जैनकिरशाह' एका खांद्यावर गाठ मारून बांधले, की कपडे मळत नाहीत. गारठा वाढला की चौकटीचीच शाल. हात मात्र मोकळे. ते हवेतच, कारण या बाजारातला बराच व्यवहार बायका सांभाळतात. खासी समाजात कुळाचे नावही आईकडूनच चालते.

कॉलेजच्या मुली जीन्समध्ये दिसतात. तरीही बाजारात, चर्चमध्ये, लग्नात जैनसेम आहेच.

आपली नऊवारीसुद्धा मुळात कष्टाचीच साडी. कासोटा घालून आजीने शेतही राखले आणि घरही. शहरात मात्र ती आता लग्नाच्या मुहूर्तापुरती उरली. वेश टिकतो तो अंगावर वागवल्याने, कपाटात जपल्याने नव्हे!