मूल बोलत नाही म्हणून अहिराणी बंद करू नका

नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातले रेल्वे स्टेशनचे गाव, एमआयडीसीही इथेच. आपल्या वस्तीतल्या एकाच घरात दिवसभर किती भाषा चालतात ते पाहा. आजी नातवाला ‘आठे ये’ म्हणते, आई ‘इकडे ये’ म्हणते, वडील कारखान्यातली हिंदी घरी आणतात आणि मोबाइलवर इंग्रजी गाणी लागतात. अशा घरातले मूल दोन वर्षांचे होऊनही बोलले नाही, की लोक म्हणतात, “इतक्या भाषांनी पोर गोंधळलं. अहिराणी बंद करा.” कधी कधी शिकलेली माणसेही हाच सल्ला देतात.

हा सल्ला मानू नका, असे आम्ही वाचकांना कळकळीने सांगतो.

स्वमग्नता, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात, ती मेंदूच्या वाढीतील वेगळेपणामुळे येते. ती अनेक भाषांमुळे होत नाही. लसीमुळे, आईच्या हयगयीमुळे किंवा कोणाची नजर लागूनही होत नाही. कॅनडातील हॅम्बली आणि फॉम्बोन या संशोधकांनी २०१२ साली ७५ स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन भाषा कानावर पडणारी मुले एकाच भाषेतल्या मुलांपेक्षा बोलण्यात जास्त मागे नव्हती.

घरची बोली बंद केली तर नुकसान मात्र नक्की होते. आजीला प्रमाण मराठी जमत नाही, मग ती नातवाशी बोलणेच सोडते. ज्या मुलाला माणसांशी जोडून घेणेच अवघड जाते, त्याचे एक माणूस कमी होते.

पण “भाषा जास्त आहेत, म्हणून उशिरा बोलेल” असे म्हणत थांबूही नका. नाव घेतल्यावर मूल वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नाही किंवा येत असलेले शब्द विसरते, तर लगेच तपासणी करा. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले एकत्र मोजा. आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. सेविकाताईंना तारीख विचारा. तोवर धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवता येते. डॉक्टरांना घरात कोणकोणत्या भाषा बोलतात ते आवर्जून सांगा. ताईत, उतारा यांवर पैसा घालवू नका. स्वमग्नता पूर्ण बरी करणारे औषध नाही. तसा दावा करणाऱ्यापासून सावध राहा.

घरी ज्याला जी भाषा मनापासून येते, त्याने तीच बोलावी. वाक्य लहान ठेवा. ‘पानी’ म्हणताना तांब्या दाखवा. विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा, उत्तराची वाट पाहा. मूल खुणेने किंवा चित्र दाखवून मागत असेल तर मागू द्या. त्याने बोलणे मागे पडत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. प्रमाणपत्र काढायला लाजू नका. ती दया नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे.

आणि आजीला सांगा: आजी, तुम्ही अहिराणीतच बोला. नातू ऐकतो आहे.