बिनरंगी थराची राखण

बऱ्हाणपुरात गाडीचा रंग ऊन खातं, असं सरसकट म्हटलं जातं. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा ते पटतंही. कोटिंगवाल्यांच्या जाहिरातीही उन्हाचीच भीती घालतात. इथल्या गाड्या जवळून पाहिल्यावर मात्र माझं मत वेगळं झालं आहे. आपल्याकडे रंगाचे मोठे वैरी दोन: बोअरचं पाणी आणि पुसायचं फडकं. ऊन तिसरं.

हे समजायला आधी रंगाची जाडी ध्यानात घ्यावी लागते. कारखान्यात पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग विजेच्या प्रवाहाने प्रायमर चढतो, त्यावर सरफेसर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यांत वर बिनरंगी क्लिअर कोट. एवढं सगळं मिळून बहुधा १०० ते १३० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोटचा वाटा साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्यं याच थरात असतात. तेव्हा गाडीचं खरं संरक्षक कोटिंग आपण शोरूममधून घेऊनच निघालेलो असतो. पुढचं सगळं या थराची राखण करण्यासाठी आहे, आणि ही राखण करताना थरच झिजवला तर पैसे पाण्यात.

हा थर नेहमीच नव्हता. १९२३ मध्ये जनरल मोटर्सने ओकलँड गाड्यांवर ड्यूपाँचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरला आणि कित्येक दिवस वाळत राहणारा रंग काही तासांत वाळू लागला. पण तो लवकर निस्तेज व्हायचा, म्हणून मेण घासणं आलंच. आपल्याकडच्या जुन्या अॅम्बॅसॅडर किंवा पद्मिनीला पॉलिश केलं की फडक्यावर गाडीचाच रंग उतरायचा, कारण वर बिनरंगी थर नव्हता. आठवड्याला रबिंग करायची सवय त्या काळातली. ती क्लिअर कोटच्या गाडीवर चालवली की नुकसान दिसायला वेळ लागतो, पण होतं नक्की.

आता पाणी. मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ मध्ये उभारलेला आपला कुंडी भंडारा आठवा. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत मुरलेलं पाणी अडवून भुयारी वाटेने शहराला देणारी ती योजना आजही जिवंत आहे, आणि तिच्या भिंतींवर चुन्याचे थर चढलेले आहेत. जमिनीत मुरताना पाणी क्षार सोबत घेऊन येतं. बोअरच्या कडक पाण्यातही हेच क्षार असतात. वॉशिंग सेंटरवर गाडी धुऊन उन्हात सोडली की पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच बसतो. तापलेल्या बॉनेटवर हे काही मिनिटांत होतं. ताजे डाग पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतात, नंतर लगेच स्वच्छ पाणी मारायचं. डाग जुने झाले की ते क्लिअर कोटमध्ये खड्डे पाडतात. मग पॉलिशशिवाय गत्यंतर नाही, म्हणजे पुन्हा थर झिजणार.

सिरॅमिक कोटिंगची खरी परीक्षा इथेच होते. हे कोटिंग सिलिकावर आधारलेल्या रेझिनचं. हवेतल्या ओलाव्याने ते घट्ट होतं आणि रंगाला धरून बसतं. त्यावर पाणी मोत्यांसारखं गोल होऊन निथळतं, मळ कमी चिकटतो, चमक खोल दिसते. हे सगळं खरं आहे. पण जे थेंब निथळत नाहीत ते जागच्या जागी आटतात आणि त्यांतला सगळा क्षार एका छोट्या वर्तुळात गोळा होतो. ज्या पाण्यात विरघळलेले क्षार (टीडीएस) जास्त, तिथे सिरॅमिक केलेल्या गाडीवर हे गोल डाग अधिक ठळक दिसतात. म्हणून आपल्या भागात सिरॅमिक केलेली गाडी सावलीत धुऊन लगेच कोरडी करणं, ही त्या कोटिंगचीच अट समजावी.

या कोटिंगचा थर किती? एक-दोन मायक्रॉन, कधी त्याहून कमी. ‘९ एच’ हा आकडा दाखवून ओरखडा पडणार नाही असं सांगितलं जातं. ते माप पेन्सिलीच्या टोकाचं आहे, खनिजांच्या मोह्स मापाशी त्याचा संबंध नाही. खालचा रंग मऊच राहतो. खडा उडाला की टवका जाणारच. टेफ्लॉन कोटिंगबद्दल तर माझं मत स्पष्ट आहे: त्या नावाचे जादा पैसे देऊ नयेत. ते द्रव्य ३२७ अंशांना वितळतं आणि तव्यावर बसवायला त्याहून जास्त उष्णता द्यावी लागते. गाडीवर हाताने घासून ते तसं बसत नाही. चमक दिसते ती सोबतच्या मेणाची.

मेणाला मात्र मी कमी लेखणार नाही. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या ताडाच्या पानांवरून मिळणारं कार्नोबा मेण ८० अंशांच्या थोडं पुढे वितळतं. आपल्या उन्हाळ्यात ते आठवड्यांतच ओसरतं, हे खरं. कृत्रिम पॉलिमरचं सीलंट काही महिने टिकतं. हाताने लावता येतं, खर्च थोडा, आणि चुकलं तरी पुन्हा लावता येतं. चार-पाच वर्षं जुन्या, घरच्या वापरातल्या गाडीला मी हेच सुचवीन.

आता फडकं. पॉवरलूमच्या या गावात कापडाला तोटा नाही, आणि घोटाळा तिथेच आहे. कोऱ्या कापडात खळ असते, ते ताठ असतं. धूळ बसलेल्या गाडीवर ते कोरडंच फिरवलं की रेतीचे बारीक कण त्याखाली घासले जातात आणि उन्हात गोल गोल जाळी दिसू लागते. दररोज सकाळी गाडी झटकून पुसणारा मनापासून काम करत असतो, पण रंगाचं सर्वांत जास्त नुकसान त्याच्याच हातून होतं. आधी पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग शाम्पू, मग स्वच्छ मायक्रोफायबर. धूळ खूप असेल आणि पाणी नसेल, तर त्या दिवशी गाडी मळकीच राहू द्यावी.

या शहराला पातळ थराची किंमत नवी नाही. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने इथल्या सोन्या-चांदीच्या तारांच्या कापडाबद्दल लिहून ठेवलं आहे. ते कापड इराण, तुर्कस्तानपर्यंत जात असे. अस्सल जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा अगदी विरळ मुलामा असतो, आणि चांदी काळी पडू नये याचा भार त्या मुलाम्यावर असतो.

खडीचा प्रश्न वेगळा. इंदूर–इच्छापूर रस्त्यावर चौपदरीकरणाच्या कामात ट्रकमागे गाडी चालवणाऱ्याला तो सांगायला नको. तिथे फक्त पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म उपयोगी. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची ही पारदर्शक फिल्म १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असते, म्हणजे अख्ख्या रंगापेक्षा जाड. ती धक्का झेलते आणि हलके ओरखडे उष्णतेने आपोआप भरून येतात. हलक्या प्रतीची फिल्म पिवळी पडते, कडा नीट बसल्या नाहीत तर तिथे धूळ धरते. पूर्ण गाडीचा खर्च लाखाच्या घरात जातो. मुक्ताईनगर, भुसावळ किंवा इंदूरला सतत जाणाऱ्यांनी पुढचा बंपर, बॉनेटची पुढची कड आणि आरशांची पाठ एवढंच झाकावं. पैसे तिथे सार्थकी लागतात.

केळीच्या शेतात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चिकाचे थेंब ओले असतानाच पुसावेत, वाळले की ते तपकिरी होऊन घट्ट बसतात. पक्ष्यांच्या विष्ठेलाही हाच नियम. कोटिंग असलं तरी थोडा जास्त वेळ मिळतो, इतकंच.

कुठल्याही दुकानात गाडी देण्याआधी जाडी मोजायचं गेज लावायला सांगा आणि प्रत्येक पॅनेलचा आकडा लिहून घ्या. एखादा आकडा शेजारच्या पॅनेलपेक्षा बराच कमी असेल तर तिथे कंपाउंड मारू देऊ नका. फारच जास्त असेल तर ते पॅनेल पुट्टी भरून पुन्हा रंगवलेलं असण्याची शक्यता मोठी. अशा पॅनेलवर पीपीएफ लावायची असेल तर दुकानदाराला ते आधीच सांगा, कारण काही वर्षांनी फिल्म काढताना तिच्याबरोबर दुबार मारलेला रंगही सुटून येऊ शकतो.