आळी जगली तरच कला जगेल

कलाकाराचा सत्कार होतो, कलेला मानांकन मिळतं. पण ज्या आळीत तो कलाकार घडला, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी कला आळ्यांनीच सांभाळल्या आहेत. पुढे दुकान, मागे कारखाना, माडीवर बिऱ्हाड आणि शेजारीही त्याच धंद्यातला, अशी ही जुनी वसाहत. करणारा, विकणारा आणि शिकवणारा माणूस एकच. या स्वतंत्र दुकानांचं आज कसं चाललंय, ते पाहायचं तर मिरज, पुणे आणि सावंतवाडी इथे जायला हवं.

मिरजेची सतारमेकर गल्ली यात मानाची. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या, असं इथली परंपरा सांगते. संस्थानिक पटवर्धनांच्या काळात या धंद्याने मूळ धरलं. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. 1937 साली ते गेले. त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि दर्ग्याच्या उरुसात आजही गवई हजेरी लावतात. गाणारा असा दाराशी असल्यामुळे कारागिराचा कान तयार झाला.

तंबोऱ्याची घडण पाहण्यासारखी आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून कडू भोपळे येतात. वाळलेला भोपळा कापून पाण्यात भिजवायचा, गर-बिया खरवडायच्या, आतून काठ्यांचा ताण देऊन तोंडाला आकार द्यायचा आणि पुन्हा वाळवायचा. मग दांडी, तबली, खुंट्या, नक्षीकाम, पॉलिश. यातलं एकेक काम एकेका हाताचं. सगळ्यात शेवटी जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीने हलकेच घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तारेखाली सुताचा धागा सरकवला की एका जागी आवाज एकदम उमलतो. ती जागा सापडेपर्यंत कारागीर मान वर करत नाही. घासणं केसभर जास्त झालं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे ज्ञान वर्षानुवर्षं एका बैठकीवर बसूनच मिळतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही अभिमानाची गोष्ट. पण नव्या विद्यार्थ्याचा रियाज आता मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर सुरू होतो, त्याचा भार याच गल्लीवर येतो.

पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी. पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांनी ती वसवली. बंब, घंगाळ, हंडे, कळश्या हा त्यांचा पिढीजात माल. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके ओळीने पाडत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी भांड्याला झळाळी येते आणि पत्रा कणखरही होतो. म्हणजे शोभा आणि मजबुती एकाच हातोडीतून. घरोघरी स्टील आलं, न्हाणीघरात गीझर आला आणि बंबाची मागणी आटली. अलीकडच्या काळात वारसा जतन करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या पुणे शाखेने या कारागिरांबरोबर काम केलं आणि मठारकाम दिवे, ताटं, शोभेच्या वस्तू यांवर उतरलं. हात तोच, वस्तू नवी. हा मार्ग मला आशेचा वाटतो.

सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं, भाज्या आणि खेळण्यांची दुकानं आहेत. हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाला रंग चढला की आंबा खरा की खोटा, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. इथलीच गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांची कला, मात्र जवळजवळ संपली होती. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी 120 गोल पानं असतात आणि प्रत्येक पान हाताने रंगवायचं असतं. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला वयोवृद्ध चिताऱ्याकडून ती विद्या स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच चित्रशाळा सुरू केली. एक पिढी उशीर झाला असता तर शिकवायला कुणी उरलं नसतं.

या तिन्ही ठिकाणी कलेला आळी होती. आता महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, जिथे कला आहे पण आळी नाही अशा, सिल्वासाला लागून असलेल्या अथालकडे वळू. दादरा नगर हवेलीच्या पाड्यांवर वारली, कोकणा, धोडिया यांची वस्ती आहे. इथली वारली चित्रकला मुळात घराच्या भिंतीवरची, लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांची. पलीकडे डहाणू तालुक्यात जिव्या सोमा मशे यांनी तिला कागदावर आणि जगभर नेलं. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण घरोघरी विखुरलेल्या चित्रकाराला आळीचा आधार नसतो. भाव व्यापारी ठरवतो आणि गिऱ्हाईक चित्र पाहतं, चित्रकार पाहत नाही. पुढे दुकान आणि मागे चित्रशाळा अशी पाच-दहा दारं अथाल-सिल्वासात एका ओळीत उभी राहिली, तर कारखान्यांच्या या भागात कारागिरालाही हक्काची जागा मिळेल.

हे स्वप्नरंजन नव्हे. इटलीतल्या क्रेमोना गावात स्त्रादिव्हारीच्या व्हायोलिनची परंपरा क्षीण झाली होती. 1938 साली तिथे व्हायोलिन घडवण्याची शाळा निघाली, शिकलेली मुलं गावातच दुकानं थाटून बसली आणि 2012 मध्ये युनेस्कोने त्या कारागिरीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. शाळा आणि दुकानं एकमेकांना धरून उभी राहिली म्हणून हे घडलं.

मानांकनाने नाव राखलं जातं. आळी राखायला जुन्या जागेचं परवडणारं भाडं लागतं, शिकाऊ मुलाला विद्यावेतन लागतं आणि वर्षभर पुरेल एवढं काम लागतं. पहिल्या दोन गोष्टी नगरपालिकांनी आणि शासनाने कराव्यात. तिसरी आपल्या हाती आहे. भाऊबीजेची ओवाळणी असो की लग्नातला आहेर, एक तरी वस्तू ती घडवणाऱ्याच्या दुकानातून, त्याने सांगितलेल्या भावाला घेऊ या.