विश्लेषण : डोंगराविना उभा राहिलेला बाळापूरचा किल्ला आज कशाने खचू शकतो?

खामगावहून अकोल्याकडे निघाले की वाटेत बाळापूर लागते. तिथे मन आणि म्हैस या नद्यांमधल्या उंचवट्यावर विटांचा भव्य किल्ला दिसतो. सह्याद्रीतल्या गडांना कातळाचा आधार असतो. पूर्णेच्या सपाट खोऱ्यातल्या या भुईकोटाला तो नव्हता. मग तो उभा कसा राहिला?

किल्ला कोणी बांधला?
औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने बांधकाम सुरू केले. १७०७ मध्ये तो जाजऊच्या लढाईत मारला गेला. १७५७ मध्ये एलिचपूरचा (आजचे अचलपूर) नवाब इस्माईल खान याने काम पूर्ण केले. मधल्या काळात, ऑगस्ट १७२० मध्ये, निजामुल्मुल्काने बाळापूरजवळच आलम अली खानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये पाय रोवले.

विटाच का?
पूर्णाकाठ हा खोल गाळाच्या मातीचा प्रदेश. दगड डोंगराकडून वाहून आणावा लागे, विटा मात्र जागीच भाजता येत. शिवाय तोफगोळा बसला की दगडाच्या कपच्या उडतात. जाड विटांची भिंत माराचा जोर पोटात घेते.

डोंगराची कसर कशी भरून काढली?
• पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याचा वेढा पडे.
• बाहेर बुटका तट, आत उंच पंचकोनी तट आणि कोपऱ्यांवर बुरूज.
• एकाच्या आत एक असे तीन दरवाजे. पहिला फोडला तरी शत्रू पुढच्या दरवाजासमोर अडकून वरून होणाऱ्या माऱ्यात सापडे.

आज धोका कशाचा?
तोफांपेक्षा पाण्याचा आणि पिंपळाचा. विटांमधला चुना झिजला की फटीत पाणी मुरते, पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले बी रुजते आणि मुळे जाड होत भिंत आतून उकलतात. रोपटे नुसते उपटले तर सोबत विटाही निघतात; मूळ आत राहिले तर ते पुन्हा फुटते.

सिमेंटने डागडुजी का चालत नाही?
चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून धरते. कोंडलेल्या ओलीतले क्षार विटेच्या पृष्ठभागाशी जमतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. वरून मजबूत दिसणारी भिंत आतून पोकळ होत जाते. म्हणून अशा वास्तूंची दुरुस्ती चुन्यानेच आणि जाणकार गवंड्यांकडूनच व्हावी लागते.

पाहायला गेलात तर?
नदीकाठची मिर्झाराजे जयसिंगांची काळ्या दगडातली छत्रीही जरूर पाहा. १६६५ चा पुरंदरचा तह शिवाजी महाराजांशी याच जयसिंगांनी केला होता. किल्ल्यात तटावर चढू नका, विटांवर नावे कोरू नका. भिंतीत नवे झाड किंवा ताजी भेग दिसली तर फोटो काढून पुरातत्त्व विभागाला कळवा. सुटलेली एक वीट वेळेवर बसवणे सोपे असते. ढासळलेला बुरूज पुन्हा उभा करता येतो, पण तो मग जुना राहत नाही.