नाना, गुणा आणि वैशंपायन

मराठीत 'नॉव्हेल'ला कादंबरी हे नाव पडले ते बाणभट्टाच्या नायिकेवरून. सातव्या शतकातली ती संस्कृत कथा शाप, पुनर्जन्म आणि बोलका पोपट यांनी भरलेली. म्हणजे या वाङ्मयप्रकाराचे मराठी नावच एका अद्भुतकथेचे आहे. असे असून आपल्याकडे अद्भुत कादंबरी म्हटली की जाणकार मंडळी ती मुलांच्या कपाटात ठेवतात. असा कादंबरीकार सामग्री कुठून आणतो आणि त्याची पात्रे एकमेकांना का धरून राहतात, हे पाहिले तर त्या कपाटाची जागा बदलावी लागेल.

1861 साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि पुढे तशा कादंबऱ्यांची रीघ लागली. 'मंजुघोषा'कार नारो सदाशिव रिसबूड यांनी तर प्रस्तावनेत सांगूनच टाकले आहे की, आपल्या विवाहरीतीमुळे आणि इतर कारणांनी हिंदूंच्या आयुष्यात चटकदार गुण नाहीत की दुर्गुण नाहीत. रोजचे लिहावे तर रंजन होत नाही, म्हणून अद्भुताकडे वळणे भाग आहे. कबुली प्रामाणिक आहे, पण मला ती पटत नाही. अद्भुत हे रोजच्या जगण्याला पर्याय म्हणून येते, असे ती गृहीत धरते.

आमच्या मुरबाड-शहापूरकडे या. आसनगावच्या पुढे गाडीतून माहुलीचे सुळके दिसतात. लोकांनी त्यांना नवरा, नवरी, भटोबा अशी नावे दिली आहेत; दगडाचे अख्खे वऱ्हाड उभे आहे. मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढतो. कल्याण बंदराचा माल जुन्नरकडे नेणारी ही सातवाहनकालीन वाट. वर ब्राह्मी शिलालेखाची गुहा आहे आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. पण लोककथेला यातले काही नको असते. ती सांगते की नाना आणि गुणा अशा दोघांत घाट खोदण्याची पैज लागली, नाना जिंकला, म्हणून त्याचे नाव घाटाला आणि शेजारच्या कड्याला, नानाच्या अंगठ्याला. बैल हाकणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या माणसांना एवढा कातळ फोडलेला दिसला, तेव्हा त्यांना राजा आठवला नाही, दोन माणसांमधली चुरस आठवली. जागा आधी, नाते मागाहून. अद्भुताची सामग्री मिळते ती अशी.

नाथमाधव (द्वारकानाथ माधव पितळे) शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. कादंबऱ्या त्यानंतरच्या, 'वीरधवल' 1913 ची. यापेक्षा जास्त जोडाजोड मी करणार नाही, पण कडा म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

आता मैत्री. या बाबतीत बाणभट्टाच्या पलीकडे जाणे अवघड आहे. चंद्रापीड राजपुत्र, वैशंपायन प्रधानपुत्र. दोघे एकत्र वाढले, एकत्र शिकले. महाश्वेतेच्या शापाने वैशंपायन पोपट होतो, आणि ती वार्ता ऐकताच चंद्रापीडाचे हृदय फुटते. नायक प्रियेसाठी नव्हे, मित्रासाठी मरतो. त्यातही खुबी अशी की मागच्या जन्मी हे दोघे पुंडरीक आणि चंद्र होते. एकाने दुसऱ्याला शाप दिला, दुसऱ्याने तो उलटवला. त्या वैराचीच या जन्मी मैत्री झाली. पुढे शूद्रक राजाच्या दरबारात पोपट सारी हकीगत सांगतो. ऐकणारा राजा म्हणजे तोच चंद्रापीड, आणि त्याला ते ठाऊक नसते. लेखकाने 'ते जिवलग होते' असे शंभरदा लिहिले असते तरी हा परिणाम साधला नसता.

विक्रम-वेताळाची जोडी याहून साधी. राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, उत्तर दिले की पुन्हा झाडावर. पंचविसाव्या गोष्टीअखेर तोच वेताळ राजाला जोग्याच्या कपटाची सूचना देतो. ओझे, वाट आणि बोलणे, एवढ्यावर विश्वास जमलेला असतो.

आपल्या जुन्या अद्भुत कादंबऱ्यांत मित्र बहुधा निरोप्या असतो; नायक-नायिकेची गाठ पडली की त्याचे काम संपले. माझ्या मते त्या शिळ्या वाटतात त्या यामुळे, चमत्कारांमुळे नव्हे. नाना आणि गुणाची पैज कादंबरीत आलेली माझ्या वाचनात नाही. हरलेला गुणा पुढे कधी नानाच्या वाटेने घाट चढला का, आणि चढला तर वर त्याची वाट पाहत कोण बसले होते, हेही लोककथेने सांगितलेले नाही.